तिसऱ्या नंबरचा हिशोब

आमच्या वर्गात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. मी औसेकर, माझा रूममेट वसमतकर आणि वर्गात पहिली येणारी ती जिंतूरकर. खरी आडनावं हजेरी घेणाऱ्या सरांना ठाऊक. गावावरून हाक मारली की घरी काय पिकतं तेही कळतं. माझ्या घरी सोयाबीन, वसमतकरच्या घरी हळद. जिंतूरकर मात्र यात बसत नव्हती. तिच्या घरी शेतच नव्हतं, वडिलांचं शिलाईचं दुकान होतं.

२०२३ साली आम्ही तिघंही कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून) छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला लागलो. माझ्या आप्पांनी कॉलेज निवडलं ते माहितीपुस्तकातल्या एका पानावरून. ‘गुणवंतांना १०० टक्के शिष्यवृत्ती’ असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली पदवीच्या टोप्या उडवणारी पोरं होती. (ती आमच्या कॉलेजची नव्हती. आमच्या कॉलेजला तेवढी हिरवळ नाही.) आप्पांनी ते पान दुमडून ठेवलं. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नव्हतं. सवलत दुसऱ्या वर्षापासून. प्रत्येक शाखेत दोघांनाच. पहिल्याला पूर्ण ट्यूशन फी माफ, दुसऱ्याला अर्धी. तिसऱ्याला प्रमाणपत्र.

आमची वर्षाची फी १ लाख १२ हजार. त्यात ट्यूशन फी ९८ हजार, डेव्हलपमेंट फी ९,८०० आणि बाकी किरकोळ ४,२००. मी ओपनमधला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिला अख्ख्या महाराष्ट्रात पोरं ईबीसीच म्हणतात. ती ट्यूशन फीच्या निम्मी मिळते, म्हणजे ४९ हजार. डेव्हलपमेंट फी त्यात येत नाही. राहिले ६३ हजार, ते घरून.

पहिल्या वर्षी ईबीसीनं मला एक धडा दिला. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरला, कॉलेजनं पुढं पाठवला, मंजूरही झाला, पण पैसे काही दिसेनात. मी रोज पासबुक भरून आणायचो. शेवटी कळलं की पैसे येऊन दोन महिने झाले होते. हे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर येत नाहीत, आधार ज्या खात्याला जोडलेलं असतं तिथं जातात. माझं आधार जोडलेलं होतं आठवीत शाळेनं काढून दिलेल्या गावाकडच्या खात्याला. ते खातं वापर नाही म्हणून बंद पडलेलं, केवायसी संपलेली. गावाला गेलो, दोन फोटो आणि एक अर्ज दिला, साहेब रजेवर होते म्हणून परत आलो, परत गेलो. लातूर ते संभाजीनगर एसटीनं अंबाजोगाई, केज, बीड करत सगळा दिवस जातो. ४९ हजारांसाठी मी चार दिवस नुसता बसमध्ये बसलो होतो. तेव्हापासून कुणी ज्युनिअर भेटला की मी आधी त्याला विचारतो, तुझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय?

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी स्वतःचा पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) टाकायच्या आधी वसमतकरचा टाकला. हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. त्याचा नंबर मला पाठ होता, कारण त्याचे फॉर्म मीच भरून द्यायचो. त्याला ९.०८. मग माझा टाकला, ९.१४. मी खोलीत एकटाच हसलो. मग जिंतूरकरचं कुणीतरी ग्रुपवर टाकलं, ९.४१. तिचं काही वाटलं नाही. ती पुढं असणार हे धरलेलंच होतं. आपल्याला शर्यत दिसते ती शेजारच्या कॉटवरच्याची.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या मेरिट शिष्यवृत्तीची नोटीस लागली. १०० गुणांची यादी करायची, त्यात ८० गुण सीजीपीएचे, म्हणजे त्या दहापैकीच्या सरासरीचे, आणि २० मुलाखतीचे. उत्पन्नाचा दाखला, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, ७५ टक्के हजेरी, एकही विषय मागं राहिलेला नको. आणि शेवटी एक हमीपत्र: ‘मी अन्य कोणतीही शिष्यवृत्ती घेत नाही व घेणार नाही.’

या एका ओळीनं आमचे चार महिने खाल्ले.

कसं ते सांगतो. दुसरा नंबर आला तर कॉलेजकडून ४९ हजार. ईबीसीचे पण ४९ हजारच. रक्कम तीच, फरक एवढा की कॉलेजची फी जागेवर वळती होणार आणि ईबीसी येईल तेव्हा येणार. पहिला आला तर मात्र सरळ ९८ हजार. आता ईबीसी सोडून कॉलेजच्या भरवशावर बसलो आणि तिसरा आलो तर हातात प्रमाणपत्र. म्हणून शिष्यवृत्ती विभागातल्या सरांनीच तोड काढली. “दोन्ही भरून ठेवा. तुमचे महाडीबीटीचे अर्ज मी माझ्या लॉगिनला थांबवून ठेवतो, पुढं पाठवत नाही. इकडची यादी लागली की ज्याला मिळालं त्याचा नाकारतो, बाकीच्यांचे पाठवतो.” आम्हाला तेव्हा ते देवमाणूस वाटले. मन त्यांचं चांगलंच होतं, त्यात वाद नाही.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. तलाठ्याचा अहवाल, सेतूत अर्ज, तहसीलचा दाखला. ज्यानं हे केलंय त्याला सांगायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की दाखला एक वर्षाचा निघतो तसा तीन वर्षांचाही निघतो. मी पहिल्या वर्षी एकाच वर्षाचा काढला होता, तो ३१ मार्चला संपला, म्हणून तोच खेळ पुन्हा.

मुलाखत सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात झाली. समोर प्राचार्य, आमच्या शाखेचे प्रमुख म्हणजे एचओडी आणि संस्थेचे एक संचालक, पांढऱ्या सफारीत. मी आठ दिवस तयारी केली होती. माझी दहावी मराठी माध्यमाची. बारावीला लातूरला क्लासमध्ये सगळं इंग्रजीत शिकलो, पण शिकणं वेगळं आणि तीन माणसांसमोर बोलणं वेगळं. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी पाठ केलेलं सुरू केलं: माझी बलस्थानं, माझे दुबळे मुद्दे, पाच वर्षांनी मी कुठं असेन. दुबळा मुद्दा म्हणून ‘मी कामात फार वाहून घेतो’ असं सांगितलं. हे युट्यूबवरच्या एका माणसानं शिकवलं होतं. एचओडींनी खिडकीबाहेर बघितलं. सफारीवाले साहेब तेवढे मराठीत बोलले.

“शेती किती?”

“साडेतीन एकर.”

“मग बरं चाललंय की.”

याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. मी “हो सर” म्हणालो. सात मिनिटांत बाहेर.

माझ्यानंतर वसमतकर आत गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दाराच्या फटीतून मला एचओडी उठून फळ्यावर काहीतरी काढताना दिसले. पंचवीस मिनिटांनी तो बाहेर आला. काय विचारलं म्हणालो, तर म्हणाला, “काही नाही रे, हळद कशी शिजवतात ते.”

झालं असं की त्यानं काहीच पाठ केलं नव्हतं. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर तो घरचा बॉयलर सांगायला लागला. हळद काढली की ओली शिजवावी लागते. हल्ली बॉयलरची वाफ पाइपानं ड्रममध्ये सोडतात. एका बॉयलरवर तीन-चार ड्रम लागतात, आणि शेवटचा ड्रम नेहमी उशिरा शिजतो, कधी कच्चा राहतो. कच्चा राहिला की वाळायला वेळ लागतो आणि भाव पडतो. लहानपणी त्याला वाटायचं शेवटच्या ड्रमला पनवती आहे. पहिल्या वर्षी थर्मल शिकल्यावर त्यानं होळीला त्या पाइपाला पोत्याचं बारदान गुंडाळून बघितलं. तिथून एचओडींनी खडू हातात घेतला. इंग्रजी त्याचंही माझ्याइतकंच मोडकं. मधूनमधून मराठीत घसरत होता म्हणे, पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मी त्याला म्हणालो, “भारी झालं तुझं.” आणि मनात सीजीपीएचा हिशोब केला. ०.०६ गुणिले ८. अर्धा गुणही नाही.

तात्पुरती यादी दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी लागली. जिंतूरकर ९१.२८. वसमतकर ८९.६४. मी ८८.१२. मुलाखतीत तिला १६, त्याला १७, मला १५. खाली लिहिलं होतं, हरकती असल्यास सात दिवसांत, अंतिम यादी दसऱ्यानंतर. हरकत काय घेणार? माझ्या रूममेटला हळद शिजवता येते अशी?

त्या रात्री मेसवर आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो. तो दुसरा, मी तिसरा. त्यानं पोळीचा तुकडा तोडता तोडता विचारलं, “तुला राग आला का रे?” मी म्हणालो नाही. तो म्हणाला, “मला आला असता.”

मग वाट बघणं सुरू झालं. अंतिम यादीवर सही संस्थेच्या कार्यालयात होते. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सरांनी सांगितलं, आता निवडणुकीनंतर. खासगी कॉलेजच्या बक्षिसाला आचारसंहिता कशी काय लागते ते आम्हाला कळेना. मग शिपायाकडून कळलं. धनादेशाची मोठी पाटी करून फोटोसकट कार्यक्रम करायचा होता आणि ज्यांच्या हातून द्यायचा ते पाहुणे प्रचारात होते. म्हणजे आमची फी आता २० नोव्हेंबरच्या मतदानावर अवलंबून. निकाल २३ ला. मी त्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं, आणि मतदारसंघापेक्षा शिष्यवृत्तीचाच विचार करत दिलं हे कबूल करतो.

मधे दिवाळीला गावी गेलो. सप्टेंबरच्या पावसानं शेंगा काळ्या पडल्या होत्या. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये, पण खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र लावत आणि बारा टक्क्यांच्या वर दिसला की माल परत. आप्पा दोन दिवस अंगणात सोयाबीन पसरून बसले, तिसऱ्या दिवशी पोती भरून लातूरच्या आडतीवर घातली. ४,१५० चा भाव लागला. पंधरा क्विंटल, म्हणजे ६२ हजार २५०. माझ्या वाट्याच्या फीला साडेसातशे कमी. ऑगस्टमध्ये मामाकडून आणलेले तीस हजार त्यातून फिटले आणि राहिलेले कॉलेजचे तेहेतीस मी बरोबर घेऊन आलो. परीक्षा फॉर्म फी भरल्याशिवाय घेत नव्हते.

आप्पांनी विचारलं, “त्या कॉलेजच्या पैशाचं काय झालं मग?”

“यादी लागायचीय अजून.”

“नंबर कितवा हाय तुझा?”

“तिसरा.”

“किती जणांना देणारेत?”

“दोघांना.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोघांतला एखादा सोडतोय का बघ की. एसटीत उभं ऱ्हायल्यावर कुणी ना कुणी उतरतंयच.”

हे माझ्या डोक्यात बसलं. आणि उतरण्यासारखं कोण आहे तेही मला माहीत होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईबीसी, ओबीसी, एसईबीसीतल्या आठ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण मिळणार होती, निम्मी नव्हे. म्हणजे जिंतूरकरला शासनाकडून तसेही ९८ हजार. ती कॉलेजच्या यादीतून बाहेर पडली तर तिला तोटा शून्य, वसमतकर पहिला, मी दुसरा. कागदावर इतका सरळ हिशोब की आम्हाला वाटलं तिला नुसतं सांगायचा अवकाश.

वसमतकर आधी नाही म्हणाला. पण ९८ हजार म्हणजे त्यालाही मोह होताच. शेवटी आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाशी गेलो. चहा सांगितला. मीच सुरुवात केली.

“जिंतूरकर, तुला तर आता सरकारच सगळी फी देणार.”

“देणार,” ती म्हणाली. “कधी?”

“येतील की पैसे.”

“तुमची मागल्या वर्षीची वेळेवर आली होती का?”

मी गप्प. माझ्या त्या खात्याची गोष्ट वर्गभर झालेली होती.

ती चिडली नाही, हे जास्त लागलं. तिनं वही मिटवली आणि सरळ सांगितलं. “हे बघा, पैसे इकडून मिळाले काय आणि तिकडून काय, माझ्या पप्पांच्या खिशातून तेवढेच वाचतात. पण गल्लीत जो तो म्हणतोय, पोरींना काय, आता सगळं फुकटच. मी ९.४१ आणले ते कुणी विचारत नाही. त्या बोर्डावर माझं नाव पहिलं आहे. मुलगी आहे म्हणून दिलेलं नाही ते. ते मी खाली काढू? आणि मुलींना माफी आहे म्हणून मुलीनं मेरिट सोडायचं, हे जीआरच्या कुठल्या पानावर आहे?”

वसमतकरनं तिघांच्या चहाचे पैसे दिले. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “बरोबर आहे तिचं.” मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मी तिच्यावर आठ दिवस मनातल्या मनात चिडून होतो, आणि कारण शोधायला गेलो तर एकही सापडत नव्हतं.

अंतिम यादी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. तात्पुरत्या यादीत आणि तिच्यात एका स्वल्पविरामाचाही फरक नव्हता. मग कार्यक्रम झाला. जिंतूरकरचे आईवडील आले होते, वडिलांनी नवा शर्ट घातलेला, अर्थात स्वतःच शिवलेला. मोठ्या पाटीवर ‘अठ्ठ्याण्णव हजार’ लिहिलं होतं आणि तिच्या आईनं ती पाटी घरी नेता येते का असं विचारलं. येत नव्हती. पुढच्या शाखेचं नाव त्यावरच चिकटवायचं होतं. मला प्रमाणपत्र मिळालं. लॅमिनेशन चांगलं आहे.

खरी गंमत त्यानंतरची. वसमतकरनं तोवर हप्त्यानं पूर्ण फी भरून टाकली होती, बचत गटाच्या कर्जातून. म्हणून त्याचे ४९ हजार हातात न देता पुढल्या वर्षाच्या फीत जमा धरले. जागेवर वळते होणार म्हणून ज्यासाठी एवढी धडपड, ते असे वर्षभर पुढं गेले. गटाचं व्याज मात्र चालूच राहिलं.

आणि मी? आमच्या वर्गात ज्यांनी मेरिटचा फॉर्मच भरला नव्हता, सात-साडेसातच्या घरात सीजीपीए असलेली पोरं, त्यांचे ईबीसीचे अर्ज ऑक्टोबरातच कॉलेजच्या लॉगिनवरून पुढं गेले होते. फेब्रुवारीत त्यांच्या खात्यावर पहिला हप्ता आला. एकानं नवा मोबाइल घेतला. माझा अर्ज सरांनी शब्द दिल्याप्रमाणे नीट थांबवून ठेवला होता. डिसेंबरात यादी लागली, मग सत्र परीक्षा, मग सर निवडणुकीच्या राहिलेल्या रजेवर गेले. माझा अर्ज पुढं सरकला जानेवारी संपता संपता. तिकडून एकदा परत आला, कारण दाखल्याचा फोटो अस्पष्ट होता. पैसे आले जूनमध्ये. या वेळी बरोबर खात्यावर आले, हे नमूद करतो.

म्हणजे मी वर्गात तिसरा आलो म्हणून माझे पैसे चार महिने उशिरा आले. चौथा आलो असतो तरी हेच झालं असतं म्हणा, फॉर्म भरला होता ना. पण तिसावा आलो असतो तर फेब्रुवारीत मोबाइल घेतला असता. मी हे सरांना एकदा हसत हसत बोललो. ते म्हणाले, “तुमच्या भल्यासाठीच थांबवला होता.” तेही खोटं नव्हतं.

जुलैमध्ये दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. ९.२२. मी या वेळी वसमतकरचा पीआरएन टाकला नाही. तो शेजारीच बसला होता, त्यानं स्वतःच दाखवला, ९.१९. जिंतूरकरचा अजून ग्रुपवर आला नव्हता आणि आम्ही दोघंही एकमेकांसमोर तो विचारत नव्हतो.

ऑगस्टमध्ये पुन्हा तीच नोटीस लागली, तारीख तेवढी बदललेली. मी शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीशी गेलो.

“सर, समजा मी मेरिटचा भरलाच नाही, तर माझा ईबीसी लगेच पुढं जाईल ना?”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “जाईल की. मग नाही भरत यंदा?”

मागं चार पोरं रांगेत होती. मी बाजूला झालो, परत आलो.

“द्या एक फॉर्म.”

हमीपत्राची ओळ तीच होती. खिडकीखाली एक स्टूल असतं, त्याचा एक पाय आखूड आहे. त्यावर बसून, गुडघ्यावर फाइल ठेवून, मी दोन्ही पानं तिथंच भरली.